स्टारवाले काका

चक्रीवादळ येऊन गेलं की कोकणात आधी पंचनाम्याला तलाठी येतो, मग पत्रे विकणारा येतो, आणि त्यानंतर प्रत्येक वाडीतून एक काका बाहेर पडतात. हे काका मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले असतात, गावच्या घरी येऊन राहिलेले असतात आणि कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा अभ्यास करतात. अभ्यास संपल्याचं मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही.

3 जून 2020 ला भर दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली आणि काकांच्या परसातला माड थेट स्वयंपाकघरावर पडला. खाली फ्रिज होता. शेजारीपाजारी धावत आले. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी काकूंना धीर दिला. काकांनी झावळ्या बाजूला सारून आत डोकावलं आणि म्हणाले, "नाहीतरी त्याचा कॉम्प्रेसर जुनाच होता."

तिथून नवीन स्वयंपाकघराचं नियोजन सुरू झालं. छप्पर नव्हतं, एक भिंत नव्हती, विजेचे खांब रस्त्यात लोळत होते. कित्येक वाड्यांत महिना-महिना दिवे लागले नाहीत. काका मात्र इन्व्हर्टर कॉम्प्रेसर घ्यावा की साधा, या विवंचनेत. मोबाइल कुणाच्या तरी गाडीत चार्ज करायचा, रेंजसाठी टेकडीवर चढायचं आणि तिथे वाऱ्यात उभं राहून कुणा अनोळखी माणसाचं फ्रिजविषयीचं मत ऐकायचं. खाली उतरेपर्यंत मत बदललेलं असे.

स्टारवर त्यांचा विशेष जीव. दुकानदार कौतुकाने "पाच स्टार आहे" म्हणाला, की काका चष्मा पुसत, "कोणत्या सालचे पाच?" त्यात तथ्य आहे बरं का. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या पाचांचे नव्यात चारही होऊ शकतात. लेबलवर वर्षाला किती युनिटं जळणार तेही छापलेलं असतं. काका ते वाचत, दर युनिटच्या भावाने गुणत, शेजारच्या फ्रिजशी ताडून बघत आणि पुढच्या दहा वर्षांत वाचणारे पैसे काकूंना सांगत. काकू त्या वेळी ताडपत्रीखाली तीन दगडांच्या चुलीवर पेज ढवळत असत. जळणाला तेवढा तोटा नव्हता. झावळ्या, सोडणं, करवंट्या, वादळाने सगळं अंगणात आणून टाकलं होतं.

मग इंडक्शनचा विषय निघाला. "सिलिंडर वेळेवर मिळतोय कशाला!" म्हणून काकांनी खिशात लोहचुंबक बाळगायला सुरुवात केली. चिकटेल ते भांडं इंडक्शनवर चालतं. चिखलातून निघालेली एकेक तपेली पुढ्यात घेऊन काका परीक्षा घेत होते. पितळेची नापास, ॲल्युमिनियमची नापास, माहेरचा हिंदालियमचा टोप सपशेल नापास. स्टीलमधली काही पास, काही नापास, कारण स्टीलमध्येही जाती असतात, हे काकूंना त्या वयात कळलं. शेवटी चुंबक विळीच्या पात्याला जाऊन बसला तेव्हा काकू म्हणाल्या, "हिच्यावर शिजवते हो भात."

चिमणीचं प्रकरण गवंड्याला भोवलं. नळी बाहेर काढायला भिंतीत भोक ठेवायचं होतं. चिमणी साठ सेंटिमीटरची की नव्वदची? फिल्टरवाली की बिनफिल्टरची? तासाला बाराशे घनमीटर हवा खेचणारी पुरेल का? "बांगडे तळताना किती धूर होतो ते तुम्हाला माहीत नाही," असं काका ज्याला सांगत होते, त्याच्या घरी रोज बांगडे तळले जातात. गवंड्याने एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अंदाजाने भोक ठेवलं आणि तो पुढच्या घरी गेला. तेव्हा गवंडी मिळणं फ्रिज मिळण्यापेक्षा अवघड होतं.

मला या माणसांचा राग येत नाही. वाऱ्याने काय न्यायचं आणि काय ठेवायचं हे त्यांना विचारलं नव्हतं; आता निदान दुकानदार तरी विचारतो आहे. पण काकूंची बाजूही मला ठाऊक आहे. दुकानं उघडल्याबरोबर त्या भाचीला घेऊन माणगावला गेल्या आणि गॅसची शेगडी व मिक्सर घेऊन आल्या. दुकानदाराला त्यांनी एकच विचारलं, "ओलं खोबरं वाटताना गरम होऊन बंद पडतो का?" घरी काकांनी खोकं उलटंपालटं केलं. "साडेसातशे वॅट ठीक आहे. पण मोटरची वॉरंटी किती, ते विचारलंस?" काकूंनी तोवर चटणीच्या भांड्यात मिरच्या टाकलेल्या. मिक्सरच्या आवाजात पुढचे प्रश्न कुणाला ऐकू आले नाहीत. पाटा-वरवंटा मागच्या पडवीत जागच्या जागी होता. त्याला माडानेही हात लावला नव्हता. पण त्याला एकही स्टार नसल्यामुळे काकांच्या वहीत त्याची नोंद नाही.

फ्रिज मात्र काकांचं खातं, त्यात काकू पडल्या नाहीत. दिवाळीत सूट मिळेल म्हणून थांबले. दिवाळीत कळलं की नवीन मॉडेल येणार. नवीन मॉडेल आल्यावर जुन्याची किंमत उतरायची वाट पाहणं आलं. शिवाय खाऱ्या वाऱ्याने मागची जाळी गंजते का, विजेचा दाब खाली गेला तर स्टॅबिलायझर लागतो का, हे प्रश्न होतेच. वही भरली, दुसरी घेतली. वाडीतल्या चौघांनी काकांच्या सल्ल्याने फ्रिज घेतले, आणि काकूंचं दही त्यांपैकी एकाच्या घरी लागत असे.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. नवे पत्रे रात्रभर थडथडले, दोन सुटले आणि चिमणीविना राहिलेल्या त्या भोकातून पाऊस सरळ ओट्यावर आला. फ्रिजसाठी राखून ठेवलेल्या कोपऱ्यात घोटाभर पाणी. काका बॅटरीच्या उजेडात ते पाहत उभे राहिले. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. वर्षभर बरोबर असलेल्या माणसाचं समाधान होतं.

"बघितलंस? घेतला असता तर आज पाण्यात असता!"

"हो," काकू म्हणाल्या. "आता हे टोक धरा ताडपत्रीचं. स्टार नाहीत तिला, पण धरा."