स्वतंत्र भाचा

माझा भाचा स्वतंत्र दिग्दर्शक आहे. स्वतंत्र म्हणजे काय, हे समजायला मला दोन वर्षं लागली. कॅमेरा मित्राचा, गाडी मेहुण्याची, घरखर्च बायकोच्या पगारातून, वाडा माझा, म्हैस माझी आणि रोख चाळीस हजार, तेही माझेच. "निर्माता नसला की माणूस मोकळा होतो, मामा," असं तो म्हणतो. होतो खरा, माझा खिसाही झाला.

सिनेमाचं नाव दोन अक्षरी. संवाद कमी, कारण नट म्हणजे सगळी मित्रमंडळी. मधे साडेसहा मिनिटं म्हैस नुसती उभी आहे. त्या दिवशी चंद्रीला ताप होता म्हणून ती हलली नाही, हे मी कुणालाही सांगायचं नाही, असं भाच्याने मला बजावलेलं आहे.

गेल्या नोव्हेंबरात त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं : 'आपला सिनेमा इफ्फीला चाललाय.' अभिनंदनाचा पाऊस पडला. खरी गोष्ट मला गोव्याच्या रात्रीच्या गाडीत, खंबाटकी घाट ओलांडल्यावर कळली. इफ्फी हा गोव्यातला चित्रपट महोत्सव वेगळा आणि त्याच्या शेजारी भरणारा फिल्म बाजार वेगळा. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाने हा बाजार २००७ साली सुरू केला. महोत्सवात सिनेमा दाखवतात, बाजारात विकतात. तिथे व्ह्यूइंग रूम असते. आपण शुल्क भरायचं, आपला सिनेमा तिथल्या संगणकात जातो, आणि देशोदेशीचे महोत्सववाले कानाला हेडफोन लावून त्यातले हवे ते बघतात. हवे ते. म्हणजे आपला बघितलाच पाहिजे, असं त्यांच्यावर बंधन नाही. आमच्याकडे याला यात्रेत पाल ठोकणं म्हणतात.

घरून निघताना भाच्याचा अवतार मला जरा चमत्कारिक वाटला होता. काळा चुरगळलेला कुर्ता, दाढी, खांद्याला झोळी. पणजीत उतरल्यावर कळलं, हा गणवेश आहे. गळ्यातलं ओळखपत्र तर त्याने मिरामारच्या वाळूतही काढलं नाही. सगळ्यांचंच तसं. समोरचा माणूस आधी तुमच्या छातीकडे बघतो, तिथलं नाव वाचतो आणि मग तोंडाकडे बघायचं की नाही ते ठरवतो. माझ्या छातीवर काहीच नव्हतं, त्यामुळे मला पाव-भाजी निवांत खाता आली.

भाच्याच्या पोस्टरवर नावाच्या दोन्ही बाजूंना पानांच्या डहाळ्या, मुंडावळ्यांसारख्या. त्या निवड झाल्याच्या खुणा असतात म्हणे. अर्जाचं शुल्क डॉलरमध्ये भरलं की काही ठिकाणी निवडही लगेच होते. ती कुठे झाली, हे फार बारीक अक्षरात असतं.

बाजारातल्या भेटींची हकिगत भाचा रात्री जेवताना सांगायचा. बहिणीला दाखवायच्या कार्यक्रमांना मी बसलेलो आहे, म्हणून मला ती ऐकताक्षणीच ओळखीची वाटली. प्रत्येकाला दहा मिनिटं. 'इंटरेस्टिंग आहे' म्हणजे 'मुलगी शांत वाटते'. 'लांबी किती?' हा उंचीचा प्रश्न, फक्त इथे कमी असलेली बरी. 'लिंक पाठवा' म्हणजे 'पत्रिका ठेवून जा'. फरक एवढाच की पोहे आपल्यालाच विकत घ्यावे लागतात, आणि बाजार भरतो त्या हॉटेलात ते भलतेच महाग.

एकदा कला अकादमीच्या आवारात एक युरोपियन बाई भेटल्या. कुठल्याशा महोत्सवासाठी सिनेमे निवडतात, असं कळलं होतं. भाच्याने श्वास घेतला आणि सांगितलं, माझा सिनेमा अनुपस्थितीविषयी आहे. मी एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. अनुपस्थितीवर सिनेमा निघेल असं कधी वाटलं नव्हतं. मला वाटत होतं, तो म्हशीविषयी आहे. बाई गोड हसल्या, कार्ड दिलं आणि त्यांच्या बसकडे गेल्या. ते कार्ड भाच्याने पाकिटात, बायकोच्या फोटोच्या पुढे ठेवलं.

त्याला धीर द्यायचा तर परदेशी गेलेल्या मराठी सिनेमांची सालं म्हणायची. हे मी त्याच्याकडूनच शिकलो. १९३७, व्हेनिस, 'संत तुकाराम'. २०१४, पुन्हा व्हेनिस, 'कोर्ट'. २०२५, सनडान्स, 'साबर बोंडं'. कीर्तनकाराने दृष्टांत द्यावेत तसा तो एकेक साल टाकतो आणि हळूहळू ताठ बसतो. मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे बघत त्याने त्या रात्री तीनदा उजळणी केली.

मग मोबाइल काढला. सिनेमाची लिंक ज्या साइटवर असते, तिथे किती जणांनी बघितला आणि कुठपर्यंत, हे दिसतं. एक जण तीन मिनिटांत उठलेला. दुसरा म्हशीपाशी. तिसरा मात्र शेवटच्या नावांपर्यंत, शंभर टक्के, तेही तीन रात्री ओळीने. ठिकाण : भारत.

"मामा, त्या बाई! इथूनच बघतायत."

मी काही बोललो नाही. तीन रात्री झोप येत नव्हती म्हणून मीच लॉजच्या खाटेवर पडून बघितला. पहिल्या रात्री 'विशेष आभार'मध्ये माझं नाव आहे का ते बघायला. आहे, पण आडनाव चुकलंय. पुढच्या दोन रात्री चंद्रीसाठी. त्याआधीच्या पावसाळ्यात ती गेली, आणि माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही.

भाचा आता फेब्रुवारीत बर्लिनला जायचं म्हणतोय. तिकिटाबद्दल परवा फोन येऊन गेला. तुम्हाला सिनेमा बघायचा असेल तर लिंक देतो. पासवर्ड म्हशीचं नाव.