श्नाउझर खुडण्याची शास्त्रोक्त पद्धत : मस्कत आवृत्ती

ज्यांच्या घरी श्नाउझर, फॉक्स टेरियर किंवा एअरडेल आहे आणि ज्यांचे शुक्रवार-शनिवार रिकामे आहेत, अशाच मस्कतकरांनी पुढे वाचावे. लॅब्रेडॉरवाल्यांचा येथे संबंध नाही. त्यांचा कुत्रा आपले केस आपणच गाळतो. सोफ्यावर, वर्षभर, विनामूल्य.

राठ केसांच्या कुत्र्याला ही अक्कल नसते. त्याच्या अंगावर दोन थर : आत मऊ लोकर, वर तारेसारखे केस. वरचा केस पिकतो, मरतो, पण जागा सोडत नाही. तो चिमटीत धरून उपटावा लागतो. याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात. मशीन फिरवली तर केस मधूनच कापला जातो आणि मेलेला बुंधा कातडीत तसाच राहतो. असे दोन-चारदा झाले की राठपणा जातो, रंग उतरतो आणि मीठ-मिरी रंगाचा रुबाबदार श्नाउझर नुसता राखाडी दिसू लागतो.

पहिला अडथळा हितचिंतकांचा. मे लागला की लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, “अहो, झीरो मशीन मारा, बिचाऱ्याला उकडतंय!” त्याला नम्रपणे सांगावे की कुत्रा मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि अंगावरचे केस ऊन अडवतात, भादरलेली कातडी भाजते. तरीही पटले नाही तर कुरियातचा दाखला द्यावा. तिथे जून २०१८ मध्ये सलग चोवीस तास पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता. असल्या हवेत केस कापून काय साधणार? उपाय एकच, एसी. त्याचे बिल हितचिंतकाकडे पाठवून पाहावे.

मुहूर्त फेब्रुवारीचा उत्तम. पूर्ण खुडलेला कुत्रा बनियनवर येतो आणि नवा राठ केस भरायला दोन-तीन महिने जातात. उन्हाळ्यात हे काम काढूच नये. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला ओमानमध्ये बंदी आहे. बाल्कनीत हा नियम आपणही पाळावा, कारण येथे मजूर आपण असतो.

साहित्य फारसे नाही. कारकून नोटा मोजताना बोटाला चढवतात ती रबरी टोपी, थोडी खडूची पूड, कंगवा, न डगमगणारे टेबल आणि उकडलेले चिकन. आधी आंघोळ मात्र घालू नये. धुतलेला केस मऊ, निसरडा होतो आणि चिमटीतून सटकतो. “आधी स्वच्छ करू, मग हात लावू” हा आपला संस्कार या एका कामापुरता गुंडाळून ठेवावा.

आता कृती. एका हाताने कातडी ताणून धरावी. दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत चार-पाच केसांची टोके पकडावीत आणि केस ज्या दिशेने वाढला आहे त्याच दिशेने ओढावीत. मनगटाला झटका देऊ नये. ओढ कोपरापासून यावी. पिकलेला केस निमूट येतो. कुत्रा कुरकुरला तर केस कच्चा आहे. थांबावे, माफी मागावी, चिकन द्यावे. पोट, गळा आणि जांघा येथे चिमटीचे काम नाही, तिथे कात्री. दाढी आणि भुवया राखाव्यात, नाहीतर श्नाउझर घेतला कशाला?

हे कौशल्य शिकायला युरोपात जाण्याची गरज नाही. व्हिजिट व्हिसावर आई आली की संध्याकाळी मालिका लावावी, तिच्यासमोर पेपर पसरावा आणि कुत्रा ठेवावा. मेथीची जुडी निवडणारा हात तो. कोवळे-जून त्याला न पाहता कळते. “काय बाई एकेक थेरं!” म्हणत जाहिरात संपेपर्यंत ती अर्धी पाठ उरकते. बाकीची अर्धी दुसऱ्या दिवशी. एका बैठकीत अख्खा कुत्रा संपवण्याचा हट्ट धरणाऱ्याला कुत्रा आणि आई दोघेही दुरावतात.

सलूनमध्ये फोन करून “हाताने करता ना?” असे विचारले की “हो सर, हातानेच” असे उत्तर येते. जाऊन पाहावे. हात असतोच, त्यात मशीन असते.

उपटलेले केस बाल्कनीतून झटकू नयेत. खालच्या घरात कोणी नमाजाच्या तयारीत असेल, त्याच्या कपड्यांवर आपल्या कुत्र्याचे अंश उडवू नयेत. कुत्र्याची लाळ लागली तर त्यांना पुन्हा धुणे आले. म्हणून लिफ्टही रिकामी मिळेपर्यंत थांबावे.

वाचूनच ज्यांचा अंगठा दुखू लागला असेल त्यांनी सालुकी पाळावा. अरबांचा हा जुना शिकारी कुत्रा; केस मऊ, एका प्रकाराला कान-शेपटीवर थोडी झालर, अधूनमधून ब्रश फिरवला की झाले. मात्र त्याला रोज मोकळ्यावर धावावे लागते, आणि मस्कतच्या उन्हाळ्यात त्यासाठी पहाटे चारला तुम्हालाच उठावे लागेल.