कर्नल पॉवर साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. कर्नल पॉवर साहेब,
नोंद क्र. ४१, दर्जा : क्रिटिकल,
मुक्काम सिस्टीम लॉग, इव्हेंट व्ह्यूअर.

विषय : आमचा पीसी बंद पडल्याचे आम्हांसच कळविल्याबद्दल आभार.

सा. न. वि. वि.

परवा पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी आपण केलेली नोंद मिळाली. यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली आहे, असं आपण कळवलंत. साहेब, मी तिच्यासमोरच बसलो होतो. हातात चहाचा कप होता आणि पडद्यावर एका बिल्डरच्या थ्री बीएचके सॅम्पल फ्लॅटची फ्रेम क्रमांक ११२ रेंडर होत होती. कॅबिनेटमधून टक् असा आवाज आला, पंख्यांची घरघर थांबली, मॉनिटर काळा पडला आणि दोन सेकंदांनी सगळं आपलं आपण सुरू झालं. ब्ल्यू स्क्रीन नाही, एररची पाटी नाही. त्यानंतर तुम्ही आलात आणि जे घडलं तेवढंच मला वाचून दाखवलंत.

वर कारणंही दिलीत. यंत्रणा प्रतिसाद देईनाशी झाली असेल, कोसळली असेल किंवा अचानक वीज गेली असेल. म्हणजे मयत इसम आजाराने, अपघाताने किंवा हृदय बंद पडल्याने वारला असावा! असा पंचनामा आमच्या चौकीतला हवालदारसुद्धा लिहायला लाजेल. हुद्दा मात्र कर्नलचा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि त्याचा फौजेशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण इतक्या रुबाबात लाल खूण लावून येणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

पार्श्वभूमी सांगतो, कारण तुम्हाला ती कधीच माहीत नसते. घरात एक आरटीएक्स ३०७० होतं. वॉक-थ्रूची कामं वाढली, म्हणून मित्राकडून तसंच दुसरं कार्ड जुन्या भावात घेतलं. ब्लेंडरला दोन कार्डं दिली की काम वाटून जातं आणि वेळ जवळपास निम्म्यावर येतो. (८ आणि ८ मिळून १६ जीबी मेमरी होत नाही, हे मलाही नंतरच कळलं. आणि शेजारचा मुलगा रोज विचारतो त्याचं उत्तर : नाही, गेम दुप्पट पळत नाही.) पेठेतल्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साडेसहाशेचा एसएमपीएस आहे ना सर? मग काय, आरामात उचलेल."

पहिल्या रात्री फ्रेम ३७ ला पीसी बसला. दुसऱ्या रात्री ९ ला. तिसऱ्या रात्री १८० पर्यंत गेला, मी देवाला नमस्कार केला आणि तो १८१ ला बसला.

मग मी काय काय केलं ते ऐका. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला. रॅमला रात्रभर मेमटेस्ट लावली, ती बिचारी निष्पाप निघाली. कार्डांची अदलाबदल केली. वरच्या कार्डाचा पारा ८० च्या पुढे जातो म्हणून कॅबिनेटची झाकणं काढून टेबल फॅन लावला. यूपीएस मध्येच दगा देतो की काय म्हणून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडून पाहिलं. वायरमनला बोलावलं, त्याने अर्थिंग तपासून ३०० रुपये घेतले. विंडोज नव्याने टाकली, दोनदा. आणि प्रत्येक वेळी, साहेब, तुम्ही हजर. तेच वाक्य, तीच तीन कारणं.

एकवीस नोंदी! मी मोजल्या. एकवीस वेळा तुम्ही मला सांगितलंत की पीसी बंद पडला. मी घरात नसताना बायको फोन करून सांगते, "अहो, तुमचं ते बंद पडलं," ते पुरेसं नव्हतं का? त्या पहाटे तर मी अतिशहाणपणा करून फ्रेमचे सुटे पीएनजी न काढता थेट व्हिडिओ फाईल लिहायला लावली होती. अर्धवट राहिलेली एमपी४ फाईल उघडत नाही. १११ फ्रेम गेल्या. सकाळी ११ वाजता बिल्डरच्या ऑफिसात मी रिकाम्या हाताने बसलो होतो आणि तो शांतपणे म्हणाला, "नसेल जमत तर सांगा, दुसरीकडे देतो." पुढचं काम दुसरीकडे गेलं. क्रिटिकल, क्रिटिकल म्हणून लाल खूण लावता, काय क्रिटिकल गेलं ते माहीत आहे का तुम्हाला?

त्या संध्याकाळी, तुमच्यावर निदान मोठ्याने ओरडावं म्हणून, मी नोंद उघडली आणि पहिल्यांदाच शेजारच्या डिटेल्सच्या टॅबवर गेलो. तिथे आकड्यांच्या जंजाळात एक ओळ होती : बगचेक कोड, शून्य.

ते शून्य मी अनेकदा ओझरतं पाहिलं असणार. शून्य म्हणजे काही नाही, असं धरून पुढे गेलो असणार. पण ड्रायव्हर किंवा रॅम कोसळून ब्ल्यू स्क्रीन आली असती, तर तिचा कोड बहुधा त्या जागी असता. शून्याचा अर्थ असा की कोसळल्याची नोंद करायलासुद्धा यंत्रणेला सवड मिळाली नाही. पायाखालची वीजच गेली.

मग कागद-पेन्सिल घेतली. एक कार्ड २२० वॉटचं, दोन झाली ४४०. प्रोसेसर जोरात असला की १४२. झाले ५८२. मदरबोर्ड, रॅम, डिस्का, पंखे धरून साडेसहाशेच्या उंबऱ्यावर. आणि हे २२० सरासरीचे. एक फ्रेम संपून दुसरी सुरू होते, तेव्हा दोन्ही कार्डं निवांत असलेली एकदम धावत सुटतात, आणि काही मिलिसेकंदांपुरती त्यांची भूक छापील आकड्याच्या बरीच वर जाते. सहा वर्षं जुना एसएमपीएस त्या धक्क्याला हात टेकतो. म्हणून पीसी फ्रेमच्या मध्ये न बसता नव्या फ्रेमच्या तोंडाशी बसत होता. ९, ३७, ११२, १८१ या आकड्यांत मी रहस्य शोधत होतो!

खात्रीसाठी दोन्ही कार्डांचं पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणलं. रात्रभर एकदाही टक् झालं नाही. वेगही फारसा कमी झाला नाही.

आणि मग, कर्नलसाहेब, तुमची जरा कीव आली. तुम्ही घटनेच्या वेळी तिथे नसताच. वीज जाते तेव्हा तुम्हीही जाता. पीसी परत उठतो, तेव्हा मागचा निरोप कुणी घेतला नव्हता हे तुमच्या ध्यानात येतं आणि तुम्ही लिहायला बसता. चक्कर येऊन पडलेल्या माणसालाच त्याच्या पडण्याचा पंचनामा लिहायला सांगावं, तशी ही नोकरी. त्यात जेवढं खात्रीने ठाऊक होतं, तेवढं शून्य तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं होतंत. फक्त ते दुसऱ्या टॅबमध्ये का, हे तुमच्या वरिष्ठांना विचारायला हवं.

१००० वॉटचा नवा एसएमपीएस बसवला आहे. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल दिली आहे. दुकानदाराला फोन केला नाही.

आपला,
(सध्या पीएनजीतच रेंडर करणारा)
एक पुणेकर

ता. क. : गुरुवारी दुपारी लाइट गेली आणि यूपीएस जोडायचा राहून गेला होता. तुमची बाविसावी नोंद मिळाली. तिसरं कारण बरोबर होतं.