दोन-सहाची बाई

तुळशीबागेत नवऱ्यांची जागा ठरलेली असते. रामाच्या देवळाच्या आवारात नाहीतर सरबताच्या दुकानापाशी, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ते उभे असतात आणि मोबाइलवर मॅचचा स्कोअर बघतात. आमचं लग्न नवं होतं, त्यामुळे माझ्या नवऱ्याला ही रीत माहीत नव्हती. तो माझ्याबरोबर आत आला.

पहिली संक्रांत होती. सासूबाईंनी चंद्रकळा आणली होती, हलव्याचे दागिने घरी आले होते, राहिल्या होत्या फक्त काचेच्या बांगड्या. कासारानं विचारलं, "कितीच्या देऊ?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "दोन-सहा." तिकीट खिडकीवर गाडीचा नंबर सांगावा इतक्या ठामपणे.

कासारानं माझ्या हाताकडे नुसतं पाहिलं. त्या माणसांना टेप लागत नाही. "वहिनींचा हात दोन-चारचा आहे," तो म्हणाला आणि मग, अगदी सहज, "साहेब, तुम्ही कुणाचं माप सांगताय?"

आमच्या मागे बांगड्या भरायला थांबलेल्या तीन बायका एकदम गप्प झाल्या. तुळशीबागेत, संक्रांतीच्या गर्दीत.

ज्यांना हे गणित ठाऊक नाही अशा पुरुषांसाठी सांगते. बांगडीचं माप म्हणजे तिचा आतला व्यास. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, थोडक्यात सव्वादोन इंच. दोन-सहा म्हणजे त्याहून इंचाचा आठवा भाग जास्त. मिलिमीटरमध्ये जेमतेम तीन. सुतार-फॅब्रिकेटर मंडळी याला एक सूत म्हणतात. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. मी लक्ष्मी रोड ओलांडेपर्यंत शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय गाठलं होतं.

कारण बघा, पुरुषाला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, ब्लाउजचा रंग कळत नाही, मोरपंखी आणि रामा हे त्याच्या लेखी एकच. अशा प्राण्याला एका मनगटाचं माप तोंडपाठ आहे आणि ते मनगट माझं नाही! घरी आल्यावर विचारलं, "दोन-सहा कुणाचं?" तर लालबुंद होऊन म्हणाला, "असंच. मनात आलं." पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या." आता तुम्हीच सांगा, निष्पाप माणूस कधी असं बोलतो का?

तपासाला हळदीकुंकवाइतकी सोय दुसरी नाही. हळद लावा, कुंकू लावा, तिळगूळ द्या, वाण द्या आणि मुख्य म्हणजे अत्तर लावा. अत्तरासाठी समोरची बाई आपण होऊन हात पुढे करते. पोलिसांनाही एवढं सहकार्य मिळत नसेल. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोघी, त्याची कॉलेजची एक मैत्रीण (हिच्यावर माझा विशेष डोळा होता), सगळ्यांची मनगटं मी अत्तराच्या निमित्तानं जरा जास्तच वेळ हातात धरली. मैत्रीण दोन-चारची निघाली, माझ्यासारखीच. आणि निम्मी सोसायटी दोन-सहाची! बाजारात सगळ्यात जास्त खपणारी मापं हीच दोन, हे मला आधी सुचायला हवं होतं. काही बायका तर घरी जाऊन म्हणाल्या म्हणे, सून फार प्रेमळ आहे हो, हात सोडतच नाही.

रात्री अत्तरदाणी परत ठेवायला कपाट उघडलं तर मागे सासऱ्यांची लाकडी पेटी दिसली. सासऱ्यांनी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. या पेटीत त्यांचा व्हर्निअर कॅलिपर असतो आणि त्याला हात लावायची घरात कुणाला मुभा नाही. पेटीचं झाकण अर्धवट उघडं होतं. आत एक चिठ्ठी. नवऱ्याचं अक्षर.

"बांगडी, हिरवी. नमुने ५. सरासरी ६०.३ मिमी. भागिले २५.४ = २.३७४. म्हणजे २-६."

माझ्याच लग्नचुड्यातल्या बांगड्या! मी झोपले असताना, नाहीतर अंघोळीला गेले असताना, या माणसानं स्टँडवरच्या पाच बांगड्या काढून मोजल्या होत्या. मला न विचारता बरोबर माप सांगून चकित करायचं म्हणून. डोळे भरून यायचेच, पण तेवढ्यात मला आकडा खटकला. माझी बांगडी आतून ५७ भरते. साठ कशी?

नवरा दारात उभा होता.

"तू बाहेरून मोजलंस?" मी विचारलं.

"हळू बोल!" तो कुजबुजला. "बाबा जागे आहेत."

हा माणूस चाकणला क्वालिटीत आहे. पाच शतांश मिलिमीटर फरक असला तर आख्खा लॉट परत पाठवतो. व्हर्निअरला आतलं माप घ्यायला वर वेगळे छोटे जबडे असतात, हे त्यानं साखरपुड्यानंतर एकदा मला कॉफी पिता पिता अर्धा तास समजावलं होतं. काचेची जाडी दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर, तीच आमच्यात आली होती. आणि ते कबूल करण्यापेक्षा बायकोच्या मनात एक परकी बाई राहिलेली त्याला परवडली.

"ऑफिसात कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "प्लीज."

तेवढ्यात चष्मा लावत सासरे आलेच. त्यांनी आधी पेटी पाहिली, मग माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन दिव्याखाली धरली. वाचली. माझ्या हातातल्या बांगडीकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडे.

"हे साठ पॉइंट तीन कुणी काढलं?"

नवऱ्यानं माझा दंड घट्ट धरला आणि कानात म्हणाला, "अगं, सांग ना त्यांना, माझी दुसरी कुणीतरी आहे म्हणून."