गावाकडचा टंच

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीचा माणूस देशात कुठेही भेटतो, फक्त खानापूर-आटपाडीत भेटत नाही, असं म्हणतात. हे खोटं आहे, जत्रेत भेटतो. एरवी तो कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता नाहीतर दिल्लीत, सराफबाजारामागच्या अरुंद बोळात भट्टीपुढे बसलेला असतो. धंदा गलाईचा. सराफाने मोडीत घेतलेले दागिने आटवायचे, हीण काढायचं, चोख सोनं परत करायचं. नव्या दागिन्यावर शिक्का पेढीचा उमटतो, सोनं मात्र याच्या मुशीतून गेलेलं असतं. त्याची त्याला खंत नाही, कारण त्या शहरात त्याला नाव कमवायचंच नसतं. जगाच्या सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, काढणारा हा गडी स्वतःचा टंच फक्त गावाकडून काढून घेतो, आणि त्याच्या स्थलांतराचं सगळं कोडं इथे सुटतं, असं माझं मत आहे.

तो घराबाहेर पडला तो हौसेने नव्हे. माणदेशाचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. आटपाडी तालुक्यातल्याच व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने अख्खं गाव उठतं, ते काही कादंबरीपुरतं नव्हतं. एक जण परमुलखात गेला, त्याने धाकट्या भावाला नेलं, भावाने मेव्हण्याला, मेव्हण्याने गावातल्या रिकामटेकड्या पोरांना. शिक्षण भट्टीपुढेच. मुशीत सोनं आणि सवागी टाकायची, तावावर आणायचं, त्यात तिप्पटभर चांदी मिसळायची, मग शोऱ्याच्या तेजाबात उकळायचं. तांबूस धूर निघतो, चांदी विरघळते आणि तळाशी विटकरीच्या भुकटीसारखं काहीतरी उरतं. ते सोनं. नवख्याला वाटतं, घात झाला. तीच भुकटी पुन्हा आटवली की पिवळीधमक लगड. तेजाबात गेलेली चांदीही सुटत नाही. तांब्याचे पत्रे टाकून ती परत काढतात. सोनाराच्या दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, जुन्या साड्यांची जर, यातलं काहीही हा माणूस वाया जाऊ देत नाही. वाया जाते ती त्याची छाती, धुराने. पण खोकल्याचा उल्लेख गावाकडच्या फोनवर करायचा नसतो.

परमुलखात तो इतका बेमालूम मिसळतो की भाषेसाठी आंदोलन करणाऱ्यांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. व्याकरणाचं पुस्तक न उघडता तो वर्षभरात तमिळ किंवा मल्याळममध्ये घासाघीस करतो. बायको भाजीवालीकडून त्याच्यापेक्षा चांगली भाषा शिकते. सकाळी इडली-सांबार, रात्री गावाकडून आलेल्या शाळूची भाकरी. हिशेब तिथल्या भाषेत, मूस फुटली तर मात्र शुद्ध खानापुरी. भाद्रपदात गणपती बसतो, शिवजयंतीला भगवे फेटे निघतात, शेजारचे लोकही कौतुकाने मिरवणुकीत नाचतात. हे संस्कृतिरक्षण आहेच, नाही कोण म्हणतो? फक्त मिरवणुकीचे फोटो सर्वांत आधी कुठे जातात ते पाहावं. ते गावच्या व्हॉट्सॲप गटावर जातात, आणि तिथे थोरल्या चुलत्याचा अंगठा उमटेपर्यंत उत्सव पार पडला असं मानत नाहीत.

खरी परीक्षा चैत्रात. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा किंवा आपापल्या गावची जत्रा आली की भट्ट्या गार होतात आणि गाड्या माणदेशाकडे वळतात. गावात त्याचा दुमजली बंगला असतो: बाहेर ग्रॅनाइट, आत संगमरवर, गच्चीवर नक्षीदार कठडा. वर्षातले अकरा महिने किल्ली चुलत्याकडे, त्यामुळे दिवाणखान्यात कांदा आणि झुंबराखाली पेंडीची पोती. गाडी दारात लागली की पोती हलतात. मग पारावर हजेरी. ‘‘कवा आलास आबा?’’ हा पहिला प्रश्न, आणि चहा गार व्हायच्या आत ‘‘मंदिराच्या कळसाचं काय म्हंतोस?’’ हा दुसरा. आबा आकडा सांगतो. तो आकडा देणगीदारांच्या फळ्यावर चढतो. गेल्या साली शेजारच्या भावकीने किती दिले होते हे आबाला तोंडपाठ असतं. त्याचा आकडा त्याहून थोडा वरच असतो. निवडणूक जवळ आली की उमेदवारही आबाला शोधत परराज्यात जातात. ज्या शहरात तो पोट भरतो तिथल्या नगरसेवकाला तो ओळखतही नसेल.

यावर कुणी म्हणेल, ही नुसती मिजास झाली. कुलूपबंद बंगल्यात घातलेला पैसा शेतीत घातला असता तर? मान्य, बंगला हा तोट्याचाच सौदा. पण तोच पैसा शाळेच्या खोल्यांत आणि भावकीतल्या मुलींच्या लग्नांतही गेलेला आहे, आणि ती यादी कुठल्याही फळ्यावर नसते. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: आता टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी वर चढवलं, रानात ऊस-डाळिंब दिसू लागलं, मग हा परत का येत नाही? गावाची एवढीच ओढ असेल तर भट्टी विझवावी! उत्तर सरळ आहे. धंदा सराफाच्या पायरीशी चालतो, डाळिंबाच्या बांधावर नाही. शिवाय परत आलेला आबा हा गावातला आणखी एक शेतकरी होईल. पारावर त्याची वाट कोण पाहील? गावात मान असतो तो येणाऱ्याला. राहणाऱ्याला सोसायटीचं कर्ज असतं.

मुलांचं काय, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. मुलगा कोइमतुरात इंग्रजी शाळेत शिकला, मित्रांशी तमिळ बोलतो, जत्रेत दोन दिवसांत कंटाळतो आणि कळसाच्या देणगीची पावती मागतो. बापाचा टंच काढणारी कसोटी त्याला लागूच पडत नाही. त्याच्या ओळखीची सगळी माणसं तिकडे आहेत. आणखी एका पिढीनंतर पेंडीची पोती हलवायला कुणी येईल की नाही, याची चुलत्यालाही शंका आहे.

तोवर याच पट्ट्यात, विट्याच्या बाजूला सोयरीक जुळवणाऱ्यांना एवढंच सांगणं. बंगल्यावर भाळू नका, फळ्यावरचा आकडा वाचू नका. कोइमतूरचं तिकीट काढा, मुलाचा बाप बसतो ती जागा पाहा, आणि भट्टीवर धुरांडं धड आहे का ते आधी विचारा.