नकार देणारा ब्राउजर हवा

ब्राउजरची तुलना करणारे लेख वेगापासून सुरू होतात आणि तिथेच वाचकाची फसगत होते. कुठला किती लवकर उघडतो, कुठला रॅम कमी खातो, कोणाला दहापैकी किती गुण. विजेचं बिल भरणाऱ्या, सातबारा काढणाऱ्या, सकाळी चहासोबत बातम्या वाचणाऱ्या माणसाला या गुणपत्रिकेचा काडीचाही उपयोग नाही. त्याच्या फोनवर पान रखडतं ते बहुतेक वेळा नेटवर्कमुळे, नाहीतर पानावर लादलेल्या जाहिरातींमुळे. शिवाय ज्यांची शर्यत लावली जाते, त्यातले बहुतेक एकाच इंजिनावर पळतात. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं इंजिन मोडीत काढलं, मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये एजचं इंजिन बदललं. आज क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या पोटात गूगलच्या छत्राखाली वाढलेलं क्रोमियमच आहे. वेगळी म्हणावीत अशी मोठी इंजिनं दोनच उरली: सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको.

मग तुलना कशाची करायची? माझी कसोटी एकच आहे. तुम्ही स्क्रीनवर दुसरं काही बघत असताना हा ब्राउजर तुमच्या वतीने कोणाकोणाला ‘नाही’ म्हणतो?

नोटिफिकेशनपासून सुरुवात करू, कारण घराघरातला सगळ्यात मोठा छळ तोच आहे. एखादी साइट उघडली की वर पाटी येते, ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ खाली ‘अलाउ’ आणि ‘ब्लॉक’. पाटी हटवायची घाई असते, बोट ‘अलाउ’वर पडतं. त्यानंतर दिवसभर फोन वाजत राहतो: तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरलाय, तुमचं पार्सल अडकलंय, तुम्हाला बक्षीस लागलंय. घरातल्या आजी-आजोबांना वाटतं फोन हॅक झाला. ते दुकानात जातात, दुकानदार फोन ‘फॉरमॅट’ करून पैसे घेतो, नातवंडांचे फोटो जातात. मुळात व्हायरस नसतोच. असते ती चुकून दिलेली एक परवानगी, आणि ती परत घेता येते. आयफोनवर हा प्रकार जवळपास नाही, कारण तिथे साइट होम स्क्रीनवर मुद्दाम ठेवल्याशिवाय तिला नोटिफिकेशन पाठवताच येत नाही. फायरफॉक्सने जानेवारी 2020 पासून संगणकावरची ही पाटी आपणहून वर येऊ देणं बंद केलं. क्रोमनेही त्याच सुमारास कमी त्रासाची पद्धत आणली, पण अँड्रॉइडवर आजही हा उपद्रव बहुतांशी क्रोममधूनच येताना दिसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘साइट्सना विचारूच देऊ नका’ हा पर्याय निवडता येतो. तो मुळातच चालू असायला हवा होता.

दुसरा नकार पाठलागाला. एका साइटवर मिक्सर पाहिला की पुढचे आठ दिवस तोच मिक्सर क्रिकेटच्या स्कोअरशेजारी, पंचांगाखाली, पाककृतीच्या मधोमध दिसतो. ही किमया थर्ड-पार्टी कुकीची. तुम्ही ज्या साइटवर गेला नाहीत, त्या जाहिरात कंपनीने तुमच्या ब्राउजरमध्ये ठेवलेली खूण. सफारीने या कुकी मार्च 2020 मध्ये सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक साइटची कुकी वेगळ्या कप्प्यात कोंडली, त्यामुळे एकीची दुसरीला खबर लागत नाही. ब्रेव्हमध्ये हे सुरुवातीपासून बंदच असतं. गूगलने मात्र जानेवारी 2020 मध्ये सांगितलं की दोन वर्षांत क्रोममधून या कुकी घालवू, मग मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, आणि जुलै 2024 मध्ये तो बेतच सोडून दिला. कारण शोधायला लांब जायला नको. गूगलचं पोट जाहिरातीवर चालतं. ज्याचं उत्पन्न पाठलागावर अवलंबून, त्याच्याच ब्राउजरने पाठलाग अडवावा ही अपेक्षा भाबडी आहे. क्रोममध्ये या कुकी बंद करायची सोय आहे, ती प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये शोधावी लागते, आणि बहुतेक माणसं तिथे जात नाहीत हे गूगलला माहीत आहे.

जाहिरातींचंही तसंच. संगणकावर वर्षानुवर्षं लोक जाहिराती अडवायला ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन वापरत होते. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि 2025 मध्ये ते क्रोमवर चालेनासं झालं. त्याची सौम्य आवृत्ती उरली. फायरफॉक्सवर मूळ एक्स्टेन्शन आजही चालतं, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्सवरही. फोनवरच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शनची सोयच नाही. ब्रेव्हमध्ये अडवणूक आतच बसवलेली आहे, काही जोडावं लागत नाही.

इथे आमच्याच धंद्याबद्दल बोललं पाहिजे. मराठी बातम्यांच्या किती साइट फोनवर वाचण्याजोग्या राहिल्या आहेत? दोन ओळी बातमी, मग जाहिरात, मग आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, मग पान खाली सरकून बोट भलत्याच ठिकाणी. वाचक जाहिराती अडवतो तेव्हा बातमीदाराच्या पगाराचा एक झरा आटतो, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला दुःख आहे. पण वाचकाला असं वागवल्यावर त्याने दार लावून घेतलं तर दोष त्याचा नाही. ज्या वृत्तपत्राची, मासिकाची तुम्हाला खरोखर किंमत आहे, त्याची वर्गणी भरा आणि जाहिराती निर्धास्तपणे अडवा.

आता त्या जागेकडे येतो, जिथे ब्राउजरच्या निवडीने खरं नुकसान होतं: तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान, सेवा केंद्र, कॉलेजसमोरचा सायबर कॅफे. जून-जुलैत तिथे रांग असते. प्रवेशाचा फॉर्म, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला. पोरगी दुकानाच्या संगणकावर क्रोम उघडते, जीमेलमध्ये शिरते, फॉर्म भरते, ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हणते, पावती घेते आणि एसटी पकडते. तिचा पासवर्ड दुकानातच राहिला. सप्टेंबर 2018 मध्ये आलेल्या क्रोम 69 पासून तर जीमेलमध्ये शिरलं की ब्राउजरही त्याच खात्याने उघडला जाऊ लागला. त्यावर जगभर ओरड झाली तेव्हा पुढच्या आवृत्तीत ते बंद करायचा पर्याय दिला गेला. पण दुकानाच्या संगणकावर तो पर्याय कोण शोधणार? तिच्यामागून बसणाऱ्याला तिचं खातं उघडं सापडू शकतं, आणि ज्याच्याकडे जीमेल त्याच्याकडे तिच्या बाकीच्या खात्यांची किल्ली.

यावर उपाय क्रोममध्येच आहे आणि फुकट आहे. वर उजव्या कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून ‘गेस्ट’ निवडलं की वेगळी खिडकी उघडते. एजमध्येही ती आहे. खिडकी बंद केली की पासवर्ड, इतिहास, उघडी खाती सगळं पुसलं जातं. प्रत्येक सेवा केंद्राने गिऱ्हाइकाला त्याच खिडकीत बसवलं पाहिजे, आणि जे केंद्र शासनाच्या नावाची पाटी लावतं त्याच्यावर तर ही सक्तीच हवी. तोवर आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी मुलांना एवढं शिकवावं: दुकानात ‘गेस्ट’ म्हणायचं, ‘सेव्ह’ला नाही म्हणायचं, उठताना खिडकी स्वतःच्या हाताने बंद करायची. उतरवलेली पीडीएफ तेवढी तिथेच राहते, ती वेगळी पुसायची.

‘इनकॉग्निटो’बद्दलचा गैरसमज याच घरातला. काळी खिडकी उघडली की आपण अदृश्य झालो असं अनेकांना वाटतं. त्या खिडकीने फक्त तुमच्या यंत्रावरचा इतिहास राहत नाही. ऑफिसचं नेटवर्क, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि तुम्ही भेट दिलेली साइट यांच्यापासून काही लपत नाही. या खिडकीतल्या वावराचीही गूगलने नोंद ठेवली म्हणून अमेरिकेत 2020 मध्ये दावा दाखल झाला. तो 2024 मध्ये मिटला, तेव्हा अब्जावधी नोंदी नष्ट करायला गूगल तयार झालं. नष्ट करायला त्या होत्या, एवढं वाचकाने लक्षात ठेवावं.

सगळं वाईटच सांगायचं असं नाही. मराठी वाचणाऱ्यासाठी एजमध्ये एक फार चांगली गोष्ट आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. ‘रीड अलाउड’ दाबलं की पान मराठीत वाचून दाखवलं जातं. आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत आणि ते चांगले आहेत: जोडाक्षरं नीट, वाक्याचा चढउतार बराचसा माणसासारखा. मोतीबिंदूने वाचन सुटलेल्या माणसाला, अक्षरओळख कच्ची राहिलेल्या बाईला हे केवढं मोठं दान आहे! एजच्या बाकीच्या कटकटी, पदोपदी बिंगकडे ओढणं, विंडोजमध्ये ‘मलाच ठेवा’ म्हणून मागे लागणं, या एका सोयीसाठी मी सोसायला तयार आहे. फायरफॉक्स आणि सफारीचा वाचन-मोडही वापरा. एका टिचकीत जाहिराती, पट्ट्या, हलणारी चित्रं जातात, मजकूर उरतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. एक काळ असा होता की मराठी वृत्तपत्रांच्या साइट आपापला फाँट उतरवून घ्यायला लावत आणि इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय दुसरीकडे नुसती चिन्हं दिसत. युनिकोडने ती पीडा संपवली. तो एक्स्प्लोररही 15 जून 2022 ला निवृत्त झाला.

एवढं सगळं माहीत असूनही माणसं ब्राउजर बदलत नाहीत, कारण फोनसोबत जो आला तोच आपला, अशी सवय लावली गेली आहे. त्या सवयीची किंमत न्यायालयात उघड झाली. सफारीत आपलंच सर्च इंजिन आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने अ‍ॅपलला 2022 या एका वर्षात सुमारे 20 अब्ज डॉलर दिले. तुम्ही सेटिंग बदलणार नाही यावर लावलेला हा पैसा आहे. युरोपने 2024 मध्ये कायद्याने फोनवर ब्राउजर निवडायची यादी दाखवायला लावली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1337.76 कोटींचा दंड केला आणि आधीपासून बसवलेली अ‍ॅप काढून टाकू द्या असंही सांगितलं. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण अ‍ॅप काढू देण्याचा तो आदेश रद्द केला. दंड सरकारी तिजोरीचा, आदेश आपल्या कामाचा होता. तोच नेमका गेला.

स्वदेशी ब्राउजरचाही विचार करा, पण डोळे उघडे ठेवून. केंद्र सरकारने 2023 मध्ये ब्राउजर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि मार्च 2025 मध्ये झोहो कंपनीला पहिलं बक्षीस मिळालं. झोहोचा ‘उला’ नीटनेटका आहे आणि पाठलाग अडवतो. आतलं इंजिन मात्र क्रोमियमच. फायरफॉक्सचंही एक दुखणं सांगायलाच हवं: त्यामागच्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं. तरीही वेबचा कारभार एकाच कंपनीच्या हाती जाऊ नये असं वाटत असेल, तर अँड्रॉइडवर आणि विंडोजवर गेको चालवणारा तोच एक मोठा पर्याय आहे, आणि म्हणून माझं मत त्याला.

तुम्ही एवढं करा. अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन जोडा आणि तोच डीफॉल्ट करा. सेटिंगमध्ये हात घालायचा कंटाळा असेल तर ब्रेव्ह घ्या. क्रोम काढता येत नसेल तर त्याला फक्त बँकेच्या आणि सरकारी कामाला ठेवा. आयफोनवर सफारी पुरेसा आहे. आणि येत्या रविवारी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा फोन त्यांना विचारून हातात घ्या, क्रोमच्या नोटिफिकेशनच्या यादीत जा, आणि तिथली अनोळखी नावं एकेक करून बंद करा.