पन्नास तासांचे कान

इंदूरच्या मास्तरांच्या कानांना सध्या जो भाव आलाय, तो सराफ्यात सोन्यालाही नसेल. इतकी वर्षं शाळेत कान पोरांचे असत आणि ते पिळायचं काम मास्तरांकडे. आता पिळणारे बदलले. शिक्षकांनी काय ऐकावं, किती ऐकावं आणि ऐकल्याचा स्क्रीनशॉट कुठल्या ग्रुपवर टाकावा, याची काळजी वाहायला मोबाईलमध्ये पॉडकास्टवाल्यांची रांग लागली आहे.

कागदावर बेत उत्तम आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान 50 तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, तीही त्याच्या आवडीनुसार. दिल्लीहून निघालेलं हे वाक्य भोपाळ, जिल्हा, संकुल करत जनशिक्षकाच्या फोनवर उतरेपर्यंत त्यातली आवड वाटेतच गळते. 50 हा आकडा मात्र सुखरूप पोचतो. सरकारी प्रवासात आकड्यांना सहसा इजा होत नाही.

या 50 तासांत पॉडकास्ट झकास बसतो, कारण त्यात हात मोकळे राहतात. शिकता शिकता कुटुंबांच्या समग्र आयडीच्या याद्या तपासा, मध्याह्न भोजनाचा हिशेब लिहा, मतदारयादीसाठी बीएलओ होऊन दारोदार फॉर्म वाटा. एका कानात वर्गव्यवस्थापन, दुसऱ्या कानात मतदाराची तक्रार. घाई असेल तर दीडपट वेग ठेवावा, 50 तासांचा विकास 33 तासांत उरकतो. पोरं मात्र अजून जुन्याच वेगानं शिकतात, त्यांना अपडेट आलेला दिसत नाही.

प्रवासात ऐका, असाही सल्ला मिळतो. इंदूरची मेट्रो 31 मे 2025 रोजी धावू लागली, तीही सुमारे सहा किलोमीटर. तेवढ्यात सूत्रधाराचं 'आजच्या पाहुण्यांची ओळख करून द्यायची झाली तर' हेसुद्धा संपत नाही. मग पाहुण्यांचं ज्ञान ऐकायला उलट फेरी मारावी लागते.

आमच्या रामबागेतल्या एक बाई सरकारी प्राथमिक शाळेत शिकवतात. सकाळी पोह्यांना फोडणी पडते तेव्हा ओट्यावर डब्याला टेकवलेल्या फोनमधून 'आनंददायी गणित' सुरू असतं. तेवढ्यात महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत दारात येते. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर सोडायला तयार नसलेल्या शहराचं गाणं ते, त्याच्यापुढे गणिताचं काय चालणार? ओला कचरा, सुका कचरा करून बाई परततात, तोवर पाहुणे फिनलंडला पोचलेले असतात. तिथे म्हणे वर्गात मोजकी मुलं. 'मुलांचे चार गट करा नि प्रत्येक गटाला वर्गाचा एकेक कोपरा द्या,' पाहुणे सांगतात. बाईंच्या वर्गात तिसरी आणि चौथी एकत्र बसते. पहिल्या कोपऱ्यात तांदळाची पोती, दुसऱ्यात न उघडणारं कपाट, तिसऱ्यात पुढच्या वर्षीच्या सायकली, चौथा गळतो. 'ऐकायला फार छान आहे हं,' बाई म्हणतात, 'पाहुण्यांना एकदा आमच्याकडे पाठवा म्हणावं.'

पण खरं ते खरं. बाईंना त्या पॉडकास्टमध्ये एक सोन्यासारखी गोष्टही सापडली. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं वर्गांत बसून पाहिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलं जास्त बोलतात आणि एरवी गप्प बसणारीही तोंड उघडतात. बाईंनी दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. प्रश्न विचारला आणि मनातल्या मनात तीन आकडे मोजले. शेवटच्या रांगेतली, हजेरीलाच काय ती बोलणारी मुलगी उठून म्हणाली, 'मैडम, पर ये सवाल गलत है.' आणि सवाल खरोखर चुकलेला होता.

बाई हे सांगायला गेल्या, तर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. तिथे 'आज सायंकाळी पाचपर्यंत सर्वांनी भाग पूर्ण करावा' एवढाच निरोप होता. तीन सेकंदांचा धडा शिक्षकांना मिळाला, पण तो देणाऱ्या यंत्रणेनं शिक्षकाच्या उत्तरासाठी एक सेकंदही राखून ठेवलेला नाही.

शिक्षकांचं ऐकणं आपल्या मध्य प्रदेशाला नवीन असायला नको. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवायचा एक प्रयोग सुरू झाला आणि पुढे अनेक जिल्ह्यांत पसरला. त्यात शिक्षक महिन्यातून एकदा बसायचे. कुठला प्रयोग फसला, पोरांनी कुठल्या प्रश्नावर अडवलं, पुस्तकातलं कुठलं पान कुचकामी आहे, हे तिथे बोललं जायचं. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या अशा तक्रारींतून सुधारत गेल्या. मुलांच्या प्रश्नांना पत्रानं उत्तर द्यायला सवालीराम नावाचा एक काल्पनिक गृहस्थही होता. त्या बैठकांत बोलणारा शिक्षक असायचा आणि ऐकणाराही शिक्षकच. तीस वर्षं हे चाललं आणि 2002 मध्ये सरकारनं बंद केलं. शिक्षक एवढं बोलू लागले की शिक्षणाची शांतता भंगते, असं कुणाला तरी वाटलं असावं.

म्हणून एक नम्र सूचना. पॉडकास्ट चालू ठेवा, फक्त माईक फिरवा. बोलायचं शिक्षकांनी, ऐकायचं वरच्या साहेबांनी. वर्षाला किमान 50 तास, आवडीनुसार. पहिला भाग तांदळाच्या पोत्यांवर, दुसरा गळक्या कोपऱ्यावर, तिसरा बीएलओच्या कामावर. प्रत्येक भागानंतर साहेबांनी पाच प्रश्नांची चाचणी द्यावी आणि स्क्रीनशॉट शिक्षकांच्या ग्रुपवर टाकावा. फाईलींचा व्याप फार असेल, तर दीडपट वेगानं ऐकायलाही आमची हरकत नाही. शिक्षकांचं 33 तास कुणी ऐकलं, तर तोही या खात्यातला विक्रमच होईल.